‘हरित वीज म्हणजे नुसता कागद’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

युरोपात हरित वीज पुरवणाऱ्या कंपन्यांविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. आम्ही वाऱ्यापासून आणि पाण्यापासून तयार झालेली वीज देतो असे या कंपन्या सांगतात, पण ते साफ खोटे आहे, असा त्याचा सूर असतो. त्यासाठी पाच कारणे दिली जातात : घरात येणाऱ्या तारेत सगळी वीज एकच असते, वारा पडला की दिवा कोळशावरच जळतो, कंपनी प्रत्यक्षात नॉर्वेहून स्वस्तातले कागद विकत घेते, तीच वीज दोनदा विकली जाते, आणि ज्या जलविद्युत केंद्रांची नावे सांगितली जातात ती कधीच बांधून झालेली आहेत, तेव्हा ग्राहकाच्या पैशाने नवे काहीच घडत नाही.

ही पाचही कारणे सारख्या वजनाची नाहीत. काही विद्युतजाळे कसे चालते हे ठाऊक नसल्यामुळे सुचलेली आहेत, एक अर्धे खरे आहे, आणि शेवटचे तर बरेचसे खरे आहे. मात्र त्यातून ‘सगळेच खोटे’ हा निष्कर्ष निघत नाही.

‘तारेत सगळी वीज एकच असते.’ हे विधान खरेच आहे. पण ते हरित पुरवठादाराला जितके लागू पडते, तितकेच कोळशाची वीज विकणाऱ्यालाही लागू पडते. प्रत्यावर्ती प्रवाहात तारेतले इलेक्ट्रॉन केंद्रापासून घरापर्यंत प्रवास करत नाहीत. ते जवळजवळ जागच्या जागी, सेकंदाला 50 वेळा (काही देशांत 60 वेळा) मागेपुढे होत राहतात. त्यामुळे ‘या घरात अमुक केंद्रातलीच वीज आली’ असे भौतिक अर्थाने कोणत्याही पुरवठादाराला म्हणता येत नाही. जाळ्यात महत्त्व असते ते तोलाला. जेवढी वीज या क्षणी वापरली जाते, तेवढीच याच क्षणी तयार व्हावी लागते, नाहीतर वारंवारिता 50 हर्ट्झपासून ढळू लागते. म्हणून पवनचक्क्यांनी जाळ्यात एक मेगावॉटची भर घातली, की दुसऱ्या कोणत्या तरी केंद्राला तेवढेच उत्पादन कमी करावे लागते. एका शहरातल्या बँकेत भरलेल्या नोटा जशाच्या तशा दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाच्या हातात पडत नाहीत, पण म्हणून पैसे पोहोचलेच नाहीत असे कोणी म्हणत नाही. तेव्हा विचारायचा प्रश्न असा, की कोणाच्या कराराने कोणत्या केंद्रातून किती वीज जाळ्यात गेली आणि तिचा हिशेब कोण ठेवतो.

‘वारा पडला की दिवा कोळशावरच जळतो.’ वारा लहरी आहे, यात शंका नाही. आधुनिक पवनचक्की साधारण सेकंदाला 3 ते 4 मीटर वेगाच्या वाऱ्यात वीज देऊ लागते, 12–13 मीटरच्या आसपास पूर्ण क्षमतेला पोहोचते आणि 25 मीटरच्या पुढे सुरक्षेसाठी थांबवली जाते. शिवाय वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे वेग निम्म्यावर आला तर ऊर्जा एक अष्टमांशच उरते. दुपारी जोमाने फिरणारा पवनचक्क्यांचा ताफा संध्याकाळी जवळजवळ निपचित पडलेला दिसतो, तो याच कारणाने.

अनेक हरित पुरवठादारांच्या विजेत वारा आणि पाणी एकत्र दिसतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. जलाशयावरच्या केंद्रात टर्बाइनच्या भोवती वळवता येणारी पाती बसवलेली असतात. पवनउत्पादन घसरू लागले की नियंत्रण कक्षातून ही पाती उघडली जातात, पाण्याचा लोट वाढतो आणि काही मिनिटांत जनित्र पूर्ण भार उचलते. वारा परत आला की पाती मिटतात आणि पाणी जलाशयात शिल्लक राहते. कोळशाच्या केंद्राला थंड बॉयलरपासून सुरुवात करायला काही तास लागतात, त्यामुळे वाऱ्याची साथ करण्यासाठी जलाशयाइतका सोयीचा सोबती दुसरा सापडणे कठीण. युरोपात पुरवठादाराला आपल्या ग्राहकांच्या मागणीचा अंदाज बांधून तेवढी वीज मिळवण्याची जबाबदारी घ्यावी लागते आणि तफावतीचा हिशेब पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांनी होतो. कमी पडलेल्या विजेचे पैसे त्यालाच मोजावे लागतात. वारा पडणे हे त्याच्या दृष्टीने रोजच्या नियोजनाचे काम आहे.

इथे टीकाकारांचा एक मुद्दा मात्र मान्य केलाच पाहिजे. हरित विजेचा आजचा प्रचलित हिशेब तासाचा नसून वर्षाचा असतो. वसंतात बर्फ वितळून भरभरून तयार झालेल्या जलविद्युतेच्या आधारे त्याच वर्षातल्या हिवाळी रात्रीचा वापर ‘हरित’ म्हणून नोंदवता येतो. ही पद्धत ढोबळ आहे, आणि ती सुधारायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे. गूगलने 2020 मध्ये जाहीर केलेले लक्ष्य, म्हणजे 2030 पर्यंत दर तासाचा वापर त्याच तासाच्या कार्बनमुक्त विजेशी जुळवण्याचे, याच उणिवेकडे बोट दाखवते. हिशेबाची जाळी आणखी बारीक करा, ही मागणी रास्त आहे. हिशेबच खोटा आहे, हा आरोप मात्र वेगळा आणि निराधार आहे.

‘कंपनी नॉर्वेहून कागद विकत घेते.’ या मजकुरातला सर्वांत परिणामकारक आरोप हाच आहे, आणि तो करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो ‘कागद’ कधी वाचलेला नसतो. हा ‘कागद’ म्हणजे उत्पत्तीचा दाखला, वीज कुठे आणि कशापासून तयार झाली याची अधिकृत नोंद. युरोपीय संघाच्या 2001 च्या निर्देशाने ही पद्धत सुरू केली. एक दाखला म्हणजे एक मेगावॉट-तास, अर्थात हजार युनिट वीज. त्यावर ऊर्जेचा स्रोत, उत्पादनाचा काळ, केंद्राचे नाव-ठिकाण, प्रकार आणि क्षमता, ते सुरू झाल्याची तारीख, त्याला सरकारी आर्थिक आधार मिळाला आहे की नाही, दाखला कोणत्या देशाने कधी दिला आणि त्याचा स्वतंत्र क्रमांक, एवढ्या गोष्टी नोंदलेल्या असतात. पुरवठादाराने ग्राहकांच्या वापरासाठी तो वापरला की तो नोंदवहीत रद्द होतो आणि पुन्हा विकता येत नाही. उत्पादनानंतर 12 महिन्यांपर्यंतच त्याचे हस्तांतर करता येते आणि 18 महिन्यांत तो वापरला गेला नाही तर कालबाह्य होतो. जर्मनीत ही नोंदवही 2013 पासून तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेकडे आहे.

मग नॉर्वेच का? याचे उत्तर अगदी साधे आहे, पण फिरणाऱ्या मजकुरात ते कधीच दिले जात नाही. नॉर्वेत वर्षाला सुमारे 15 हजार कोटी युनिट वीज तयार होते आणि तिचा सुमारे नऊ दशांश भाग जलविद्युतेचा असतो. उलट जर्मनीत पवनचक्क्या भरपूर आहेत, पण नवीकरणीय ऊर्जा कायद्याखाली आधारभूत दर मिळवणाऱ्या केंद्रांना उत्पत्तीचे दाखले दिलेच जात नाहीत. त्या विजेसाठी समाजाने आधीच पैसे मोजलेले असतात, म्हणून तीच वीज दुसऱ्यांदा ‘हरित’ म्हणून विकायला कायद्याने मनाई आहे. हा नियम ग्राहकाच्या हिताचाच आहे. परिणाम असा, की खिडकीतून पवनचक्क्या दिसत असूनही जर्मन पुरवठादाराला त्यांतल्या बहुसंख्य चक्क्यांची वीज ग्राहकाच्या नावावर दाखवता येत नाही आणि तो उत्तरेकडच्या किंवा आल्प्स पर्वतातल्या जलविद्युतेकडे वळतो.

नॉर्वेतून फक्त कागद येतो, हेही खरे नाही. 2008 पासून नॉर्वे आणि नेदरलँड्स यांना 580 किलोमीटर लांबीची, 700 मेगावॉट क्षमतेची समुद्राखालची केबल जोडते. जर्मनीला जोडणारी 623 किलोमीटरची, 1,400 मेगावॉटची नॉर्डलिंक ही जोडणी 2021 पासून नियमित सेवेत आहे, आणि त्याच वर्षी ब्रिटनपर्यंतची 720 किलोमीटरची जोडणीही सुरू झाली. अर्थात दाखला आणि वीज स्वतंत्रपणे विकत घेता येतात, आणि पुरवठादारा-पुरवठादारांतला खरा फरक इथेच दिसतो. एक जण बाजारातून सरसकट वीज घेतो आणि वर्षाअखेरीस स्वस्त दाखले गोळा करून तिच्यावर चिकटवतो. दुसरा ठरावीक केंद्राशी करार करून वीज आणि तिचा दाखला एकत्रच घेतो. जर्मन नोंदवहीत अशी जोड वेगळी नोंदवण्याची सोय आहे. पहिल्यावर टीका जरूर करावी. तिच्यात दुसऱ्याला ओढणे अन्यायाचे आहे.

केंद्राचे नाव समोर येण्याचा आणखी एक मोलाचा फायदा आहे. नॉर्वेच्या फोसेन भागातल्या स्टोरहाइया आणि रोआन या दोन पवनऊर्जा प्रकल्पांचे परवाने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये अवैध ठरवले, कारण त्यांमुळे रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग होत होता. वारा स्वच्छ असला तरी प्रत्येक पवनप्रकल्प न्याय्य असतोच असे नाही. ज्या पुरवठादाराकडे केंद्रांची नावनिशीवार यादी आहे, त्यालाच ग्राहक अशा प्रकल्पाविषयी जाब विचारू शकतो.

‘तीच वीज दोनदा विकली जाते.’ व्यवस्थेचे नियम नेमके हे रोखण्यासाठी आहेत. दाखले विकले गेले की तेवढी हरित वीज त्या देशाच्या उरलेल्या मिश्रणातून, म्हणजे दाखल्याशिवाय विकल्या जाणाऱ्या विजेच्या हिशेबातून, वजा होते. त्यामुळे धबधब्यांच्या शेजारी राहणाऱ्या, पण स्वतः दाखल्यासह वीज न घेणाऱ्या नॉर्वेजियन ग्राहकाच्या विजेच्या अधिकृत तपशिलात मोठा वाटा जीवाश्म इंधनांचा आणि अणुऊर्जेचा दिसतो. त्याला ते विचित्र वाटते, पण हिशेब बरोबर आहे. पळवाटा निघतात त्या या वजाबाकीकडे दुर्लक्ष केल्यामुळे. आइसलँड युरोपच्या जाळ्याला केबलने जोडलेला नाही, तरी तिथले दाखले युरोपात विकले जातात. त्याच वेळी तिथले मोठे वीजग्राहक उद्योग तीच वीज आपण हरित म्हणून वापरतो असे सांगत असल्याचा संशय आला, तेव्हा दाखले देणाऱ्या संस्थांच्या युरोपीय संघटनेने 2023 च्या वसंतात आइसलँडच्या दाखल्यांची निर्यात काही आठवडे थांबवली. लबाडीची शक्यता होती, आणि ती हेरणारी यंत्रणाही होती.

‘केंद्रे जुनीच आहेत, मग ग्राहकाच्या पैशाने काय घडले?’ हा प्रश्न मी सर्वांत गांभीर्याने घेतो. नॉर्वेतली बहुतेक जलविद्युत केंद्रे 1990 पूर्वीची आहेत. त्यांचा बांधकाम खर्च केव्हाच वसूल झाला आहे, आणि जर्मनीतल्या किंवा नेदरलँड्समधल्या एखाद्या कुटुंबाने दाखला घेतला काय आणि न घेतला काय, त्यांची टर्बाइन फिरतच राहणार. अशा केंद्राचा नुसता दाखला घेऊन ‘आम्ही हवामान वाचवतो’ अशी जाहिरात करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. कायद्याने ती वीज हरित असते, पण त्या खरेदीमुळे एकही नवे पाते फिरू लागत नाही.

पण सगळे पुरवठादार तिथेच थांबत नाहीत. जर्मनीत 1998 पासून दिले जाणारे ‘ग्र्यूनर श्ट्रोम’ हे मानचिन्ह मिळवायचे, तर विकलेल्या प्रत्येक युनिटमागे ठरावीक रक्कम नव्या प्रकल्पांत गुंतवावी लागते. स्वित्झर्लंडमधले ‘नेचरमेड स्टार’ जुन्या जलविद्युत केंद्रांनाही दिले जाते, मात्र नदीत किमान प्रवाह सोडणे, माशांना वरच्या पात्रात जाण्याची वाट ठेवणे अशा अटी त्यांना पाळाव्या लागतात आणि प्रत्येक युनिटमागे नदीच्या सुधारणेसाठी निधी बाजूला काढावा लागतो. जुने केंद्र नव्याने बांधता येत नाही, पण त्याच्या खालची नदी जिवंत ठेवता येते. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या श्योनाऊ गावाच्या रहिवाशांनी 1996 मध्ये जनमत जिंकून 1997 मध्ये गावाचे विद्युतजाळेच स्वतःच्या ताब्यात घेतले. त्या नागरिकांच्या कंपनीने पुढे देशभर हरित वीज विकताना आपल्याकडे येणाऱ्या विजेच्या केंद्रांचे वय आणि मालकी यांचे निकष स्वतःहून लावून घेतले.

आणि ‘जुने केंद्र म्हणजे परिणाम शून्य’ हे समीकरण वाऱ्याच्या बाबतीत तर सरळसरळ कोलमडते. जर्मनीच्या 2000 सालच्या नवीकरणीय ऊर्जा कायद्याने आधारभूत दराची हमी 20 वर्षांची ठेवली होती. पहिल्या हजारो पवनचक्क्यांची ती मुदत 31 डिसेंबर 2020 रोजी संपली. त्या वर्षी विजेचे बाजारभाव पडलेले होते, देखभालीचा, जमिनीच्या भाड्याचा आणि विम्याचा खर्च मात्र कायम होता, आणि चक्की उतरवून टाकावी की चालवावी या पेचात अनेक मालक होते. हमी संपल्यामुळे या चक्क्यांना उत्पत्तीचे दाखले मिळण्याचा मार्गही मोकळा झाला होता. अशा वेळी एखादा हरित पुरवठादार पुढील काही वर्षांची वीज दाखल्यासह घेण्याचा करार घेऊन आला, तर चक्की चालू ठेवण्याचा खर्च भागू शकतो. वीस वर्षांची ती चक्की मग त्या कराराच्या जोरावरच जाळ्यात वीज सोडत राहते.