खटला मागे घेतला म्हणजे आरोपी सुटला का?

“मृतदेह पत्ता लागणार नाही असा लपवा, मग कोणी काही करू शकत नाही. हेच कळलं ना लोकांना यातून?” बंड्या तावातावाने म्हणाला. वकील तितक्याच तावात उत्तरला, “कोण सुटलं? खटला मागे घेतला होता. सुटणं वेगळं.” तिथून कट्ट्यावर जे पेटलं ते शेवटपर्यंत विझलं नाही. मीही त्यात एका बाजूने भांडत होतो, तेव्हा हे तटस्थपणे लिहिलंय असं कोणी समजू नये.

विषय अमेरिकेतला. कोलोरॅडो राज्यातल्या चॅफी काउंटीतून, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यातून, १० मे २०२० रोजी, तिकडच्या मातृदिनी, एक विवाहित महिला बेपत्ता झाली. तिची सायकल उतारावर पडलेली सापडली, हेल्मेट दुसरीकडे सापडलं, ती सापडली नाही. पुढच्या वर्षी, ५ मे २०२१ ला, नवऱ्याला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. मृतदेह नव्हताच. सुनावणी सुरू व्हायला जेमतेम काही दिवस उरले असताना, १९ एप्रिल २०२२ ला सरकारी पक्षानेच अर्ज करून खटला मागे घेतला. नावं मी मुद्दाम टाळतोय. नवऱ्यावर गुन्हा सिद्ध झालेला नाही, आणि त्या बाईच्या नावाचा लोकांनी पुरेसा वापर केलेला आहे.

खटला मागे घेतल्याची बातमी आली तेव्हा लोक भडकले, आणि बंड्याचा राग तेव्हापासूनचा आहे. “वर्षभर तपास केला, धरला, जगाला सांगितलं याच्याकडे पुरावा आहे म्हणून, आणि ऐन वेळी कच खाल्ली. माहेरच्यांनी आता कोणाच्या तोंडाकडे बघायचं?”

“आधी एक गैरसमज काढून टाक,” वकील म्हणाला. “मृतदेह नाही म्हणून खून सिद्ध होत नाही, असं कुठेच नाही. इंग्लंडमध्ये जॉन जॉर्ज हेग याच भ्रमात होता. मृतदेह ॲसिडमध्ये विरघळवला की खटलाच उभा राहणार नाही, असं त्याला वाटायचं. गाळात पित्ताचे खडे निघाले, दातांची कवळी निघाली. १९४९ साली फासावर गेला. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १९८१ मध्ये रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या निकालात सांगून ठेवलंय की मृतदेह मिळालाच पाहिजे अशी अट नाही; मृत्यू परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही सिद्ध करता येतो, फक्त पुरावा तेवढा भक्कम लागतो. आणि पनवेलच्या कोर्टाचा २०२५ चा निकाल विसरलास? महिला पोलीस अधिकारी २०१६ पासून बेपत्ता, मृतदेह शेवटपर्यंत मिळाला नाही, तरी दुसऱ्या पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप झालीच ना?”

“मग इथे काय आड आलं?”

याचं उत्तर ताईने दिलं. ती या प्रकरणातली कोर्टाची कागदपत्रं मिळतील तशी वाचत आलेली आहे. आड आला सरकारी पक्षाचाच कारभार. अमेरिकेत १९६३ च्या ब्रॅडी निकालापासून नियम पक्का आहे की आरोपीच्या बाजूने जाणारा पुरावा सरकारी वकिलाला दडवून ठेवता येत नाही. इथे त्या बाईच्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्सवर एका अनोळखी पुरुषाचा डीएनए मिळाला होता, आणि तो दुसऱ्या राज्यांतल्या लैंगिक गुन्ह्यांतल्या नमुन्यांशी अंशतः जुळत होता. तो कोणाचा, त्याचा या प्रकरणाशी संबंध होता की नव्हता, हा पुढचा प्रश्न. पण बचाव पक्षाला अशा गोष्टी वेळेवर आणि पूर्ण द्यायच्या असतात. तारखा उलटत गेल्या, कागद अर्धवट मिळत राहिले, आणि शेवटी न्यायाधीश रॅमसे लामा यांनी सरकारी पक्षाच्या बहुतेक तज्ज्ञ साक्षीदारांना साक्ष द्यायलाच मनाई केली.

“म्हणजे बघ,” ताई म्हणाली, “मृतदेह नाही, प्रत्यक्ष पाहणारा नाही. सगळा भार तज्ज्ञांवर. फोनचं विश्लेषण कोण सांगणार, डीएनए कोण समजावणार? तेच बाद. अशा अवस्थेत ज्युरीपुढे, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे, गेले असते तर काय झालं असतं?”

“निर्दोष सुटला असता,” मास्तर म्हणाले. “आणि सुटायलाच हवा होता.”

मास्तरांचं हे वाक्य बंड्याला झोंबलं. पण मास्तर मागे हटणारे नव्हेत. त्यांनी अमेरिकेतलीच व्हरमाँटची गोष्ट काढली. १८१२ साली रसेल कोल्विन नावाचा माणूस गावातून नाहीसा झाला. त्याच्या मेव्हण्यांशी त्याचं पटत नव्हतं, हे गावाला माहीत होतं. काही वर्षांनी कोणाच्या स्वप्नात तो येऊन म्हणाला मला मारलं, कुठे हाडं सापडली, ती माणसाची नाहीत असं निघालं, तरी संशय हटेना. त्या दोघा मेव्हण्यांनी कबुलीही दिली. १८१९ मध्ये दोघांनाही फाशीची शिक्षा सुनावली गेली. एकाची शिक्षा कमी होऊन जन्मठेप झाली, दुसऱ्याच्या फाशीची तारीख ठरली. आणि त्याच डिसेंबरात कोल्विन न्यू जर्सीतून जिवंत परत आला!

“गावातल्या एकालाही शंका नव्हती,” मास्तर म्हणाले. “आपल्याला आज जेवढी खात्री वाटते, तेवढीच त्यांना वाटत होती. मृतदेह नसताना कोर्ट दहा वेळा विचार का करतं, ते यासाठी.”

“दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट सांगता मास्तर,” बंड्या म्हणाला. “माझ्याकडे ताजी आहे. ऑस्ट्रेलियात १९८२ मध्ये एक बाई नाहीशी झाली. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी २००१ मध्ये सांगितलं, २००३ मध्ये सांगितलं की नवऱ्यावर खटला भरा. सरकारी वकील नाहीच म्हणत राहिले. २०१८ मध्ये एका पत्रकाराच्या पॉडकास्टने लोक हलले, अटक झाली, आणि २०२२ मध्ये खून सिद्ध झाला. मृतदेह आजही नाही. लोक ओरडले नसते तर तो म्हातारा होऊन आपल्या घरात मेला असता.”

हा मुद्दा बिनतोड होता आणि तो तसा मान्य करायला हवा. लोकांच्या रागाने काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी त्या नवऱ्याच्या चाळीस वर्षांच्या मोकळिकीचा हिशेब द्यावा. पण त्याच खटल्यात आणखी एक गोष्ट घडली, ती बंड्याने सांगितली नाही म्हणून मी सांगितली. प्रसिद्धी इतकी झाली होती की निःपक्ष ज्युरी मिळणं अवघड, म्हणून एकट्या न्यायाधीशापुढे तो चालवावा लागला. लोकांच्या आवाजाने खटला उभा केला, आणि त्याच आवाजाने तो मोडता मोडता राहिला.

आणि ऑस्ट्रेलियाचीच दुसरी बाजू लिंडी चेंबरलेनची. १९८० मध्ये तिची तान्ही मुलगी तंबूतून नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिकडच्या रानकुत्र्याने, नेली, असं ती पहिल्या रात्रीपासून सांगत होती. मुलीचा मृतदेह कधीच मिळाला नाही. बाई टीव्हीवर पुरेशी रडत नाही, हे लोकांना खटकलं. गाडीत तान्ह्या बाळाचं रक्त सापडल्याचं तज्ज्ञांनी छातीठोकपणे सांगितलं, आणि १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली. १९८६ मध्ये मुलीचं जॅकेट डिंगोंच्या वावराच्या भागात सापडलं तेव्हा कुठे ती तुरुंगाबाहेर आली. ते ‘रक्त’ मुख्यतः गाडीत आवाज कमी करण्यासाठी फवारतात त्या लेपाचं निघालं. मृत्यूच्या दाखल्यावर डिंगो हे कारण लागायला २०१२ उजाडलं.

आई कशी रडते यावरून देशाने निकाल दिला होता. मला हे आठवलं की आजही संताप येतो. म्हणूनच कोलोरॅडोतला नवरा कॅमेऱ्यापुढे कसा बोलला, त्याचा चेहरा कसा होता, यावर तासन् तास चालणाऱ्या चर्चा मला सहन होत नाहीत.

तात्या इतका वेळ ऐकत होते. “तुमचा कायदा मला कळतो,” ते वकिलाला म्हणाले, “पण खटला मागे घेतला की आपल्याकडे माणूस निर्दोषच होतो ना? मग तिकडे कसा नाही?”

प्रश्न अगदी नेमका होता, आणि आपल्याकडे या बातमीवर जो राग निघाला त्यातला निम्मा इथूनच आलेला असावा. आपल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३६०. सरकारी वकिलाने कोर्टाच्या परवानगीने खटला मागे घेतला आणि तोवर आरोप निश्चित झालेले असतील, तर आरोपी निर्दोष मुक्त. पुन्हा त्याच गुन्ह्यासाठी खटला नाही. कोलोरॅडोत मात्र न्यायाधीशांनी पुन्हा आरोप दाखल करण्याची मुभा राखून खटला काढून टाकला. ज्युरीने शपथ घेतली की दुहेरी खटल्याचं संरक्षण लागू होतं, म्हणजे त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही. सरकारी पक्ष त्या उंबरठ्याच्या आधी थांबला. आणि खुनाच्या गुन्ह्याला तिथे मुदतीची मर्यादा नाही.

“म्हणजे दार बंद केलं नाही, लोटून ठेवलं,” तात्या म्हणाले.

“हो. आणि पुढे ते उघडलं.”

पुढचं ताईने सांगितलं. मागे घेताना सरकारी पक्षाने कोर्टाला सांगितलं होतं की मृतदेह कुठे असावा याचा अंदाज आहे, घराजवळच्या डोंगराळ भागात, बर्फाखाली. बर्फ वितळलं की शोधू. तिथे काहीच निघालं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दुसऱ्याच काउंटीत, मोफॅट नावाच्या गावाजवळ, पोलीस दुसऱ्या एका बेपत्ता बाईला शोधत होते. त्यांना ही सापडली. फक्त हाडं आणि कपडे.

“आता एका टोपणाची गोष्ट ऐका,” ताई म्हणाली. अटकेच्या कागदपत्रांत एक बारीक नोंद होती. घरातल्या कपडे वाळवायच्या यंत्रात सुईचं एक प्लास्टिकचं टोपण सापडलं होतं, प्राण्यांना बेशुद्ध करायच्या बाणाच्या सुईला असतं तसलं. नवऱ्याने पूर्वी इंडियाना राज्यात हरणांवर बेशुद्ध करायची औषधं वापरलेली. पण २०२२ मध्ये त्या टोपणाने काय सिद्ध झालं असतं? बचाव पक्ष म्हणाला असता, हरणं पाळणाऱ्याच्या सामानात टोपण सापडलं, त्यात नवल काय? एप्रिल २०२४ च्या शवविच्छेदन अहवालात तीच तीन औषधं हाडांच्या मज्जेत सापडल्याचं आलं: ब्युटॉर्फनॉल, ॲझापेरोन, मेडेटोमिडीन. मृत्यू खून म्हणून नोंदवला गेला. जून २०२५ मध्ये ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, नव्याने आरोप ठेवले आणि नवऱ्याला पुन्हा अटक झाली. त्याने गुन्हा केला की नाही ते कोर्ट ठरवेल. पण हे टोपण आता ज्युरीपुढे ठेवता येईल. २०२२ मध्ये हट्टाने खटला चालवून निर्दोष निकाल ओढवून घेतला असता तर मज्जेचा अहवाल आला असता, आणि तो घेऊन त्याच खुनाचा खटला पुन्हा भरता आला नसता.

बंड्या थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “ठीक. मागे घेतला ते बरोबर. मग मी चिडायचं कोणावर?”

ज्यांनी घाईने खटला दाखल केला त्यांच्यावर, असं मला वाटतं आणि ते मी तिथे ठासून सांगितलं. तिकडे जिल्ह्याचा सरकारी वकील निवडून येतो. लिंडा स्टॅन्ली २०२० च्या निवडणुकीत निवडून आल्या, जानेवारी २०२१ मध्ये पद घेतलं, मे मध्ये अटक. नंतर त्या खटला चालू असताना माध्यमांशी, अगदी गुन्हेकथा सांगणाऱ्या यूट्यूबरशीही बोलल्या. आपल्या विरोधात आदेश देणाऱ्या न्यायाधीशाच्या खासगी आयुष्याची चौकशी लावली, आणि त्या चौकशीला काही आधार नव्हता. २०२४ मध्ये त्यांची वकिलीची सनद काढून घेण्यात आली. त्या बाईच्या बाबतीत न्याय लांबला तो इथे, मागे घेण्याच्या अर्जावर नाही. आणि “अटक कधी, अटक कधी” असं रोज विचारणारे आपणही त्या घाईत होतोच. मृतदेह नसलेला खटला वर्षानुवर्षं शांतपणे बांधावा लागतो, आणि तेवढा धीर ना मतदाराला असतो ना प्रेक्षकाला.

“प्रेक्षकाला शिव्या देणं सोपं आहे,” ताई म्हणाली. “प्रेक्षक नसता तर कितीतरी बायका बेपत्ता म्हणूनच फायलीत राहतात. सापडली ती कशी, ते ऐकलंस ना? दुसरीला शोधताना. त्या दुसरीचं नाव इथल्या एकाला तरी माहीत आहे का?”

कोणालाच नव्हतं.

तात्यांनी मात्र मूळ मुद्दा सोडला नाही. “हाडं सापडली म्हणून तुम्हाला हे सगळं बोलता येतंय. सापडलीच नसती तर? दार लोटलेलं, माहेरचे वाट बघताहेत, आणि तो पुढे म्हातारा होतो. तेव्हाही म्हणाला असतात का, मागे घेतला ते बरोबर?”

वकील म्हणाला, हो. मास्तर म्हणाले, हो. मीही हो म्हटलं, कारण बहुतेक तज्ज्ञ बाद झालेल्या खटल्यात मिळालेली शिक्षा वरच्या कोर्टात टिकेलच असं नाही, आणि मिळालेलं निर्दोषत्व कायमचं टिकतं. दोन्हींत त्या बाईच्या हाती काही लागत नाही.

“तिच्या भावाला हे समोर बसून सांगता येईल तुला?” तात्यांनी विचारलं.

सांगावं लागेल, असं मी म्हटलं. तात्यांना ते पटलं नाही, आणि बंड्या पुन्हा त्यांच्या बाजूला जाऊन बसला.