आई, तुम्ही बसा

मी परातीला हात लावला की सून म्हणते, "आई, तुम्ही बसा." दूध आणायला चपला घातल्या की मुलगा म्हणतो, "बस गं आई, मागवतो." गेल्या पावसाळ्यात बाथरूमच्या दारात माझा पाय सरकला. पडले नाही हं, नुसता सरकला. पण तेव्हापासून विळी माळ्यावर गेली आणि कणीक मळायचं यंत्र ओट्यावर आलं. बसून बसून गुडघे धरले, आणि गुडघे धरले म्हणून मला फिजिओथेरपीला नेलं.

तिथली मुलगी गोड, पण परीक्षा कडक. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायची भीती, म्हणाली. मी उठले तर झोकात. पण वाटेत एक पायपुसणं दुमडलेलं. दुमडलेलं पायपुसणं ओलांडून जाणं मला जन्मात जमलेलं नाही. वाकले, सरळ केलं, कोपरा पायानं दाबून बसवला आणि मग वळले. २१ सेकंद.

"आजी, ते करायचं नव्हतं!"

मग कोण करणार होतं?

पुढचा पेपर म्हणजे हात छातीशी बांधून ३० सेकंदांत खुर्चीतून जमेल तितक्या वेळा उठायचं. बहात्तराव्या वर्षी बाईला निदान दहा वेळा तरी जमायला हवं. मी आठवर धापा टाकत थांबले. पंगतीत वाढताना याच्या कैकपट ऊठबस केली असेल, पण तेव्हा मोजायला कुणी नव्हतं.

मग तिनं एक तक्ता काढला. अमेरिकेत लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ साली केलेला. फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशाचे व्यवहार अशी आठ कामं, आठ गुण. म्हटलं, आमच्या ह्यांचाही भर. तर म्हणते, मूळ पद्धतीत पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे हे विषय धरतच नव्हते. मी दोनदा विचारून घेतलं. म्हणजे चहाचं आधण कधी न ठेवलेल्या माणसाला पाचपैकी पाच! आणि माझं?

"स्वयंपाक करता?"

"येतो. करू देत नाहीत."

त्याला तक्त्यात रकाना नव्हता.

निघताना तिनं हातात रबरासारखा हिरवा गोळा दिला. बोटांत ताकद यावी म्हणून रोज दहा मिनिटं मळायचा. घरी यंत्र कणीक मळतंय आणि मी शेजारी बसून रबर मळतेय! माझ्या गोळ्याच्या पोळ्याही होत नाहीत.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. कामाच्या मावशींकडून सकाळीच विळी खाली काढून घेतली होती. जमिनीवर बसले, विळीच्या पाटावर पाय दाबला आणि नारळाची वाटी खवणीला लावली. कडेकडेनं फिरवत, करवंटीचं काळं येऊ न देता सगळी वाटी खवली. हात काही विसरले नव्हते. बोटांना तो ओलसर चव लागला आणि मी चिमूटभर तोंडातही टाकला.

पण बसणं सोपं, उठणं अवघड. आधी कुशीवर, मग दोन्ही हात जमिनीला, मग रांगायच्या अवस्थेत गुडघ्यांवर. इथवर ठीक. आधाराला म्हणून ओट्याखालच्या ट्रॉलीची मूठ धरून जोर लावला, तर ट्रॉलीच डबेबिबे घेऊन माझ्या अंगावर चालत आली. पूर्वी तिथे कडप्पा होता. कडप्पा कधी भेटायला आला नाही.

तेवढ्यात बेल वाजली. मग पुन्हा वाजली. मग बोट दाबूनच धरलं. मी ट्रॉली ढकलली, वरचा ओटा पकडला, "आले, आले" ओरडत एक पाय रोवला, दुसरा ओढला आणि उभी राहिले. खोबऱ्याच्या हातानं दार उघडलं.

बाहेर पाचपैकी पाच उभे होते. लॅचची किल्ली खिशात.

"झोपली होतीस का? चहा टाक."