सर्वजयाचं रडणं

काल रात्री सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ हा बंगाली सिनेमा परत लावला. कितव्यांदा, ते विचारू नका. बघायचा होता खरं तर शेवटाकडचा एकच प्रसंग, पण थेट तिथे उडी मारली तर तो लागत नाही. म्हणून मुकाट पहिल्यापासून बसलो.

हरिहर बऱ्याच महिन्यांनी घरी येतो. वादळात घराची पडझड झालीय, आणि मुलगी दुर्गा गेलीय हे त्याला ठाऊकच नाही. तो आपला हौसेनं एकेक वस्तू काढून बायकोला दाखवतोय. पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर. मग दुर्गेसाठी आणलेली साडी. इतका वेळ दगडासारखी असलेली सर्वजया साडी हातात आल्यावर कोसळते. ती रडताना दिसते, पण तिचा आवाज येत नाही. येतो तो तारशहनाईचा.

नावावर जाऊ नका, हे फुंकायचं वाद्य नव्हे. इसराजासारखं गजानं वाजवायचं, फक्त त्याला ग्रामोफोनसारखा धातूचा कर्णा असतो. त्यामुळे तारेचा सूरही कुणाच्या तरी घशातून निघाल्यासारखा वाटतो. वाजवलंय दक्षिणामोहन टागोरांनी, राग पटदीप. संगीत रविशंकरांचं, आणि १९५५ च्या या सिनेमाचं बरंचसं संगीत त्यांनी एकाच रात्रीच्या जवळपास ११ तासांच्या बैठकीत केलं. इथे आम्हाला एक पोस्ट लिहायला दोन दिवस लागतात!

पटदीप म्हणजे आपल्या ‘मर्मबंधातली ठेव ही’चाच राग. तिथे तो प्रेमानं ओथंबलेला. म्हणून ‘अमुक राग करुण, तमुक आनंदी’ असं कुणी ठासून सांगू लागलं की मी हळूच विषय बदलतो. स्वर तेच असतात. कुणाच्या तोंडी येतात, त्यावर सगळं असतं.

काल एक उद्योग केला. आधी आवाज बंद करून तो प्रसंग पाहिला. सर्वजया झालेल्या करुणा बॅनर्जींचं काम अफाटच, पण मी बाहेरून बघत राहिलो. मग डोळे मिटून फक्त ऐकलं. पटदीप सुरेख लागलाय, ‘वा’ म्हणावंसं वाटलं, म्हणजे मी मैफलीत जाऊन बसलो होतो. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. गळा दाटला, तो तेव्हा.

मला वाटतं, खरं रडणं ऐकवलं असतं तर ते एका बाईचं रडणं झालं असतं. अभिनय कसा झाला हेही आपण मनात तोलून पाहिलं असतं. इथे कान तिचा आवाज शोधत राहतो, तो सापडत नाही, आणि ती जागा आपणच भरून काढतो. हल्ली सिनेमात कुणी मरायच्या पाच मिनिटं आधीच व्हायोलिनं सुरू होतात, म्हणजे रुमाल काढायला वेळ मिळावा. इथे तसली सूचना नाही. ती रडते, तेव्हाच सूर येतो.

सकाळी बहिणीला फोन केला. तिनं हा सिनेमा कॉलेजात असताना एकदाच पाहिलाय. विचारलं, “साडीच्या प्रसंगात सर्वजया कशी रडते, आठवतंय?”

“न आठवायला काय झालं? केवढ्यानं किंचाळते ती! अजून कानात आहे माझ्या.”