एक कुलूप आणि तीन तोंडांचा कुत्रा

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास लेखा विभागातल्या बाईंचा फोन आला. "माझं खातं लॉक झालंय म्हणतंय हो. पाच-सहा वेळा पासवर्ड टाकला. घाई नाही, पण बघा जरा."

काम दोन मिनिटांचं. नावावर उजवं बटण, प्रॉपर्टीज, 'अनलॉक अकाउंट' समोरच्या चौकोनात खूण, ओके. ज्या विंडोज संगणकावर हे करता येतं तो माझ्या शेजारच्या सहकाऱ्याच्या टेबलावर, माझ्या खुर्चीपासून मोजून बारा पावलांवर.

पण मागच्याच आठवड्यात मी माझ्या टेबलावरच्या संगणकातलं विंडोज पुसून लिनक्स टाकलं होतं. नुसतं टाकून गप्प बसलो असतो तर ती बारा पावलं चालता आली असती. मी चारचौघांत जाहीर केलं होतं की यापुढे ऑफिसचं अख्खं डोमेन, म्हणजे सगळ्यांची खाती आणि संगणक, मी इथूनच सांभाळणार. एवढं बोलून झाल्यावर पहिल्याच कुलपाला शेजाऱ्याची किल्ली मागायची?

शिवाय माझा युक्तिवाद बिनतोड होता. ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे ही खाती जिच्यात राहतात ती मायक्रोसॉफ्टची नोंदवही, विंडोज 2000 बरोबर आली, पण तिच्या पोटात आहे काय? नावनिशी ठेवायला एलडॅप, ओळख पटवायला कर्बेरॉस, पत्ते शोधायला डीएनएस. तिन्ही खुली मानकं. सगळा शिधा आपल्याच घरचा, स्वयंपाक तेवढा त्यांनी केलेला. तर आपल्या चुलीवर का होणार नाही?

पॅकेजं टाकायला घेतली. त्यात लिनक्सला विंडोजची एसएमबी ही भाषा बोलायला लावणारं सांबाही होतं. 1992 मध्ये ज्या कामातून ते सुरू झालं त्याचं आधीचं नाव बदलावं लागलं, तेव्हा कर्त्याने शब्दकोशात ग्रेप ही शोधायची आज्ञा चालवून एस, एम, बी ही अक्षरं ओळीने येणारे शब्द काढले आणि त्यातला एक उचलला. बारशाची ही पद्धत मला फार आवडते. आत्याबाईंची गरज नाही.

मध्येच टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर एक रंगीत पडदा उघडला आणि त्याने विचारलं, "डीफॉल्ट रिअल्म?" रिअल्म म्हणजे कर्बेरॉसच्या लेखी डोमेन. मी डोमेनचं नाव लिहिलं, लहान अक्षरांत, कारण लिनक्सवाले सगळंच लहान अक्षरांत लिहितात. एंटर दाबलं. हा एंटर लक्षात ठेवा.

मग संगणकाला डोमेनमध्ये सामील व्हायला सांगितलं. उत्तर आलं, असं कुठलंही रिअल्म अस्तित्वात नाही. खिडकीपलीकडे सर्व्हर दिसत होता, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. आकडी पत्त्यावर पिंग केलं तर हाकेला लगेच ओ मिळत होती, नावाने हाक मारली की सामसूम. आमच्या डोमेनच्या नावाचा शेवट 'डॉट लोकल'. हे नाव ज्या कोणी ठेवलं त्याला मी सोमवारची उरलेली दुपार मनातल्या मनात शिव्या घातल्या. कारण लिनक्सच्या डेस्कटॉपवर 'डॉट लोकल' म्हटलं की यंत्र डीएनएसकडे जातच नाही. ते खोलीतल्या प्रिंटरांना ओरडून विचारतं, "तुमच्यापैकी हे कोण?" प्रिंटर गप्प. मग 'एनएसस्विच' नावाच्या फाइलमधली एक ओळ सांगते की इथे सापडलं नाही तर आल्या पावली परत फिरा. ओळीत डीएनएस लिहिलेलं असतं, पण त्या 'परत फिरा'च्या मागे. डीएनएसला पुढे आणून बसवायला पंधरा सेकंद लागले. ओळ सापडायला दुपार.

मंगळवारी कर्बेरॉस. हा एमआयटीतून आलेला, आणि ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावर बसणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचं नाव मिरवणारा. यमाच्या दारीही दोन कुत्रे आहेत, चार-चार डोळ्यांचे, पण मेलेल्याला ते आत तरी जाऊ देतात. याच्यापुढे मी माझं नाव सांगितलं, पासवर्ड टाकला (टाकताना पडद्यावर साधा एक ठिपकासुद्धा उमटत नाही, त्यामुळे आपण टंकतोय की नुसती बोटं नाचवतोय हे कळत नाही), आणि तो गुरगुरला, "घड्याळात फार फरक आहे."

कर्बेरॉसला पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. कोणी तुमचा ओळखीचा निरोप वाटेत टिपून ठेवला आणि सावकाश वापरायचं म्हटलं, तर तोवर तो शिळा झालेला असावा, एवढाच हेतू. माझा संगणक सहा मिनिटं मागे होता. आता लिनक्स इंटरनेटवरच्या सर्व्हरांकडून वेळ जुळवून घेतो हे मला पक्कं माहीत. मग मागे का? पाऊण तास शोधल्यावर कळलं की वेळ विचारणारी पाकिटं, म्हणजे यूडीपी 123, आमच्या फायरवॉलवर अडताहेत. नियमाशेजारी टीप होती: 'बाहेरून वेळ घेण्याची कोणाला काय गरज?' टीप लिहिणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं माझीच.

नियमाला हात लावला नाही. एकदा चूक दुरुस्त केली की ती कोणाची होती याची चौकशी सुरू होते. निमूटपणे संगणकाला डोमेनच्याच सर्व्हरकडून वेळ घ्यायला लावलं.

पुन्हा पासवर्ड. या वेळी कुत्रा गुरगुरला नाही, कोड्यात बोलला: "केडीसीचं उत्तर अपेक्षेशी जुळलं नाही." केडीसी म्हणजे ओळख पटली की तिकीट देणारा सर्व्हर, पण कोणाच्या अपेक्षेशी? माझ्या तर काहीच अपेक्षा उरल्या नव्हत्या. सायंकाळी साडेसहाला, पिशवी खांद्याला लावून उभ्या उभ्या, मला सोमवारचा तो एंटर आठवला. कर्बेरॉसमध्ये लहान आणि मोठी अक्षरं वेगळी, आणि सर्व्हर आपलं रिअल्म मोठ्या अक्षरांत सांगतो. मी विचारलं लहान अक्षरांत, त्याने उत्तर दिलं मोठ्या अक्षरांत, आणि माझ्याच यंत्राला वाटलं की हा कोणी भलताच. कॅप्स लॉक लावलं, नाव टंकलं, पासवर्ड दिला, एंटर.

काहीच झालं नाही.

लिनक्समध्ये काहीच न होणं म्हणजे यश. जुन्या वळणाच्या वडिलांसारखं आहे ते. चुकलात तर बोलतील, बरोबर केलंत तर पेपर वाचत राहतील. खात्रीसाठी तिकिटं दाखवणारं 'केलिस्ट' चालवलं तर खरंच तिकीट हातात होतं, दहा तास चालणारं. ऑफिसात मी एकटाच होतो. तरी दोन्ही हात वर करून ओरडलो.

बुधवारची सकाळ एलडॅपने 'अधिक भक्कम ओळख द्या' म्हणण्यात घालवली. मी तिकीट दाखवत होतो, पण ते तिकीट त्याला दाखवणारं छोटंसं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, आणि ते टाका असं कोणी सांगत नाही. असो. त्याबद्दल जास्त लिहिलं तर माझा रक्तदाब पुन्हा वाढेल.

जेवणाच्या सुट्टीआधी बाईंची नोंद माझ्या काळ्या पडद्यावर उलगडली. मी सहकाऱ्याला हाक मारली. तो बारा पावलं चालून आला. "हे बघ," म्हटलं, "एकही खिडकी न उघडता." त्याने चष्मा सारखा केला आणि एका अठरा आकडी संख्येवर बोट ठेवलं. "हा काय फोन नंबर आहे?"

ती शेवटच्या लॉगिनची वेळ होती. विंडोजचं हे हजेरीखातं 1 जानेवारी 1601 पासून हिशेब ठेवतं, तोही सेकंदाचे एक कोटी तुकडे करून. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली 31 डिसेंबर 1600 ला. दुसऱ्याच दिवसापासून हजेरी सुरू! (खरं कारण चारशे वर्षांच्या ग्रेगोरियन चक्राचं आहे, पण माझं जास्त पटतं.) लिनक्स बिचारं 1970 पासून मोजतं, साधे सेकंद.

आता फक्त 'लॉकआउट टाइम' शून्य करायचा होता. त्या ओळीकडे पाहिलं. तिथे शून्यच होतं.

सर्व्हर चुकीचा पाहतोय का, नोंद दुसऱ्या कोणाची आहे का, सगळं तपासलं. शेवटी डोमेनच्या मूळ नोंदीत 'लॉकआउट ड्युरेशन' दिसलं: उणे अठराशे कोटी. सहकाऱ्यानेच कागदावर भागाकार केला. एक कोटीने भागून अठराशे सेकंद. म्हणजे तीस मिनिटं. लॉक झालेलं खातं आमच्याकडे अर्ध्या तासाने आपोआप उघडतं. मी हेच धोरण गेल्या वर्षी बैठकीत उभं राहून मांडलं होतं, 'त्यामुळे फोन कमी येतील' असं म्हणून.

बाईंना फोन लावला.

"अहो, ते ना," त्या म्हणाल्या, "सोमवारीच झालं की. जेवून आले तर चालू. कॅप्स लॉक लागलेलं होतं माझं. तुम्हाला सांगायलाही आले होते, पण तुम्ही त्या काळ्या पडद्यापुढे इतके रागावून बसला होतात, म्हटलं काहीतरी मोठं बिघडलेलं दिसतंय."