शुभंकर पक्षी आणि मी

कॉलेजचा शुभंकर पक्षी कोणता, या प्रश्नावर मी ओरिएंटेशनमध्ये, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांना कॉलेजची ओळख करून देणाऱ्या कार्यक्रमात, नापास झाले. पक्ष्याचं नाव इथे लिहीत नाही. कॉलेज ओळखू येईल, आणि मला तिथे अजून एक सेमिस्टर काढायचं आहे. बी.कॉम., एम.कॉम., त्यावर अकरा वर्षं लोकांचे ताळेबंद जुळवून दिलेले, आणि गेल्या मंगळवारी लॅपटॉपवर लाल अक्षरांत काय, तर ‘पुन्हा प्रयत्न करा’.

सीपीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सीएच्या, परीक्षेसाठी अकाउंटिंगची काही युनिटं कमी पडत होती. युनिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप, आपल्याकडच्या क्रेडिटसारखं. कॅलिफोर्नियात अशी युनिटं मिळण्याचं सर्वात स्वस्त ठिकाण म्हणजे कम्युनिटी कॉलेज, युनिव्हर्सिटीच्या अलीकडची पायरी असलेलं सरकारी कॉलेज. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि रहिवाशाला एका युनिटचे ४६ डॉलर पडतात. रहिवासी म्हणजे सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस झालेला. वरचा तो एक दिवस शुभकार्याच्या पाकिटातल्या वरच्या रुपयासारखा, त्याशिवाय चालत नाही. एच-४ व्हिसावरची, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेली, बायकामाणसंसुद्धा रहिवासी ठरू शकतात, पण अर्जातला व्हिसाचा रकाना भरताना घोटाळा झाला की बिल काही पटींनी फुगून येतं. मग भाडेकरार, टॅक्स रिटर्न आणि लायसन्स घेऊन खिडकीवर जा.

तर ओरिएंटेशन. ते आता ऑनलाइन असतं, दीड तासाचं. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही. दर भागाच्या शेवटी प्रश्न, त्यात ८० टक्के मिळाले तरच पुढचं दार उघडणार. जिम कुठे आहे, कुठे सिगारेट ओढायची नाही, प्रेसिडेंटना आपल्याला बघून किती आनंद झाला, हे सगळं त्यात आहे. कामाची गोष्ट एकच: वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास. म्हणजे तीन युनिटांच्या एका विषयाला आठवड्याचे नऊ तास, आणि बारा युनिटं घेऊन ‘फुल टाइम’ झालात तर छत्तीस. ही खरं तर धोक्याची पाटी आहे. पण तिच्यामागे उकुलेलेचं संगीत लावल्यामुळे पोरांना वाटतं, सहलीला निघालोय.

दुसऱ्या खेपेला पक्षी बरोबर आला. तरी होल्ड हटेना. ‘होल्ड’ म्हणजे आपल्या नावावर लागलेलं टाळं. ते असेपर्यंत एकही विषय घेता येत नाही. शेवटच्या पानावर, खूप खाली, ‘फिनिश’ नावाचं एक करडं बटण असतं. ते न दाबता खिडकी बंद केली की दीड तास पाण्यात. दाबलं तरी ही बातमी नोंदणीच्या सिस्टिमपर्यंत पोहोचायला एकदोन दिवस. दोन्ही सिस्टिमा एकाच कॉलेजच्या. त्यांच्यात बोलणं का नाही, हे त्यांच्या घरचं भांडण. तेवढ्या वेळात वर्ग भरतो.

म्हणून काउन्सेलिंगच्या, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या विभागाच्या, लॉबीत जाऊन बसले. ‘ड्रॉप-इन’ म्हणजे आगाऊ वेळ न घेता पंधरा मिनिटं, आणि ऑगस्टमध्ये त्या पंधरा मिनिटांसाठी दोन तास.

शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा होते. पांढरी पोनीटेल, चाकांची बॅग, थर्मास. नखांत वाळलेला चिखल. मी बघतेय हे बघून म्हणाले, “सिरॅमिक्स.” आपल्याकडे तहसील कचेरीबाहेर एक अण्णा असतात ना, ज्यांना आतल्या साहेबांपेक्षा जास्त ठाऊक असतं, तेच हे. फक्त इंग्रजी बोलणारे.

“पहिल्यांदाच? आत गेल्यावर काय विचारणार?”

“कुठले विषय घेऊ, म्हणून.”

त्यांनी डोळे मिटले. घरात काहीतरी अशुभ बोललं गेल्यावर माणसं मिटतात तसे.

“असं विचारलंत तर आतली काउन्सेलर म्हणणार, तुमचं ध्येय काय? तुम्ही सांगणार. ती टाइप करणार. मग ती विचारणार, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? संपली पंधरा मिनिटं.” थर्मासमधून एक घोट. “मी तेवीस वर्षं झाली येतोय. मला अजून कुणी दिसलेलं नाही पाच वर्षांनी.”

मग त्यांनी माझ्या पार्किंगच्या पावतीच्या पाठीवर लिहायला घेतलं. आधी होल्ड काढायला लावायचा, पडद्यावर तो गेलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. मग प्रीरिक्विझिटचा, म्हणजे आधी झालेल्या विषयाचा, फॉर्म. इंटरमीडिएट अकाउंटिंगच्या आधी फायनान्शियल अकाउंटिंग झालेलं लागतं. तुमचं भारतात झालंय हे कॉम्प्युटरला माहीत नाही, आणि तो विश्वासही ठेवत नाही. फॉर्मला पाच कामाचे दिवस, म्हणून तो आजच. सर्वात शेवटी एज्युकेशन प्लॅन, म्हणजे कुठल्या सत्रात कुठले विषय याचा आराखडा. तोही ‘अब्रिव्हिएटेड’ नको, त्यात एकदोन सत्रंच बसतात. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ मागा, आणि कागदावर छापून घ्या. “पुढच्या खेपेला दुसरी काउन्सेलर असेल आणि ती वेगळंच सांगेल. तेव्हा हा कागद पुढे करायचा.”

“आणि तुम्ही कशाला आलात?”

ही त्यांची दुखरी जागा निघाली. इथे शंभर युनिटं ओलांडली की नोंदणीतला अग्रक्रम जातो. सगळ्या पोरांची नावं लागून झाल्यावर यांचा नंबर. शिवाय हाताने करायच्या एकाच कुळातल्या विषयांना चारपेक्षा जास्त वेळा बसता येत नाही. सिरॅमिक्सचे चारही झाले होते. आता शिल्पकला. “या कॉलेजच्या यादीत ती वेगळ्या कुळात आहे. मी तपासलंय,” असं ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की मला सोयरीक जुळवणारे आमचे मामा आठवले. सगोत्र नाही ना, एवढं बघा.

इतक्यात पलीकडच्या पोराने फोन पुढे केला. अठराचा असेल, अंगावर दुकानाचा युनिफॉर्म, रात्रपाळी करून आलेला. इंजिनिअरिंगला जायचंय, कॅल्क्युलस घेतलंय, बरोबर ना? आजोबांनी एका नजरेत पकडलं: ते बिझनेसवाल्यांचं कॅल्क्युलस होतं. नाव जवळपास तेच, आणि इंजिनिअरिंगला ते मोजलं जात नाही. म्हणजे सत्र गेलं, आणि पुढचं फिजिक्सही मागे पडलं. कुठला विषय कुठल्या युनिव्हर्सिटीत चालतो हे दाखवणारी असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट आहे, फुकट. दीड तासाच्या ओरिएंटेशनमध्ये तिचं नाव एकदाही नाही. पक्षी चारदा आहे.

इथे मला हसू येईना. २०१२च्या राज्याच्या कायद्याने ओरिएंटेशन, प्लेसमेंट (कुठल्या पायरीच्या वर्गात बसायचं ते ठरवणं) आणि प्लॅन ही विद्यार्थ्याला द्यायची मदत म्हणून ठरवली. तिची तीन टिकमार्कं झाली. माझ्यासारखीला एक सत्र गेलं तर कपाळावर आठी. त्या पोराला गेलं तर बहुधा कॉलेजच जाईल. आणि ते वाचवलं कुणी? चिखलाच्या नखांनी, बिनपगारी.

माझा नंबर आला. काउन्सेलर बाई गोड होत्या, थकलेल्या. प्लेसमेंटचा रकाना रिकामा आहे, म्हणाल्या. २०१७च्या कायद्यापासून परीक्षेऐवजी शाळेतल्या मार्कांवर गणित-इंग्रजीची पायरी ठरते. कायदा चांगला आहे. पूर्वी पोरं खालच्या वर्गांतच वर्षानुवर्षं रुतून बसत.

“हायस्कूलचा जीपीए? सरासरी ग्रेड?”

“दहावीला ७६ टक्के. डिस्टिंक्शन.”

“७६ म्हणजे... सी.”

माझ्या निकालाच्या दिवशी आईने आख्ख्या वाड्याला पेढे वाटले होते. सी.

परदेशी मार्कांचं रूपांतर स्वतः करायचं नाही, हे तेव्हा कळलं. मूल्यमापन संस्थेकडून अहवाल मागवायचा, तोही ‘कोर्स-बाय-कोर्स’. नुसता पदवीचा स्वस्त अहवाल घेतला तर कुठला विषय किती युनिटांचा ते त्यात येत नाही, आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. ट्रान्सक्रिप्ट आपल्या विद्यापीठाकडून थेट तिकडे गेलेलं लागतं. तुम्ही पाकीट फोडून बघितलंत की ते मेलं. विद्यापीठात त्यासाठी किती हेलपाटे, ते माझ्या भावाला विचारा. तो अजून बोलत नाहीये माझ्याशी.

होल्ड मात्र पडद्यावरून गेलेला डोळ्यांनी बघितला. प्लॅन छापून घेतला. वर्ग भरलेला निघाला, वेटलिस्टवर सातवी. पहिल्या तासाला हजर राहायचं, कुणी गळलं तर प्राध्यापक अ‍ॅड कोड, म्हणजे नाव नोंदवायचा आकडा, देतात. तो मुदतीत टाकला नाही, तर वर्गात बसूनही आपण वर्गात नाही.

बाहेर आजोबा तिथेच. त्यांचा नंबर अजून यायचा होता.

“मिळालं?”

“सातवी. मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सहा.”

त्यांनी चष्मा वर केला, बॅगेतून कॉलेजची यादी काढली आणि चिखलाचं बोट अकाउंटिंगच्या पानावरून हळूहळू खाली नेऊ लागले.

“सिरॅमिक्सच्या कुळातलं नाही ना हे?”