बिशप आपला, पण निवडीत आपण कुठे?

मे २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वसईतल्या नंदाखाल चर्चचे प्रमुख धर्मगुरू फादर थॉमस डिसोजा यांना वसई धर्मप्रांताचे बिशप नेमलं, तेव्हा इथे स्वित्झर्लंडमध्ये आम्हा वसईकरांचे फोन रात्रीपर्यंत थांबले नव्हते. आनंद खराच होता. १९९८ साली मुंबईपासून वेगळ्या झालेल्या या धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे, मग आर्चबिशप फेलिक्स मच्याडो आणि आता डिसोजा, तिघेही वसईच्याच मातीतले.

तरीही गावाकडून कानावर येणाऱ्या चर्चेने मला त्रास होतो. बिशप वसईच्या ख्रिस्ती समाजांपैकी कुपारी हवा की वाडवळ की कोळी, कोणत्या गावचा, कोणाच्या नात्यातला, यावर लोक तासन्‌तास बोलतात. त्याने करायचं काय, यावर कोणी फार बोलत नाही. कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या वाटेला लागलेली तरुण मुलं, विकल्या जाणाऱ्या वाड्या, दर पावसाळ्यात घरात शिरणारं पाणी, नालासोपारा-विरारला राहायला आलेली आणि मराठी मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना न कळणारी कॅथलिक कुटुंबं, हे सगळं नव्या बिशपांच्या दारात उभं आहे.

मी राहतो त्या सेंट गॅलनमध्ये २०२५ च्या मे महिन्यात बिशप निवडला गेला. निवडला गेला, हे शब्दशः. इथल्या कॅथेड्रलचे कॅनन म्हणजे ज्येष्ठ धर्मगुरू सहा नावांची यादी करतात, ती रोमला जाऊन येते, मग कॅथलिकांनी मत देऊन निवडलेली प्रापंचिकांची म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांची सभा त्यातल्या तीन नावांपर्यंत नको म्हणू शकते. उरलेल्यांतून कॅनन मतदान करतात आणि पोप शिक्कामोर्तब करतात. एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस वारले म्हणून ही निवड लांबली आणि शेवटी कॅथेड्रलचेच धर्मगुरू बेआट ग्रोगली बिशप झाले. त्यांचं बालपणही याच धर्मप्रांतातल्या विल गावचं. म्हणजे स्थानिक माणूस इथेही आला, पण लोकांना विचारून आला.

हे चित्र मी डोक्यावर घेत नाही. रविवारच्या मिस्सेला इथे पिकल्या केसांची माणसं दिसतात आणि बाकांच्या रांगा मोकळ्या असतात. नंदाखालला सणाच्या मिस्सेला माणसं दाराबाहेर अंगणात उभी राहतात, तसं इथे मी एकदाही पाहिलं नाही. इथला हक्क एकोणिसाव्या शतकातल्या करारांतून आला आहे, तो उचलून वसईत लावता येणार नाही.

मात्र आपल्याकडे वाट बंद आहे, हेही खरं नाही. कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, म्हणजे कॅनन कायद्याच्या, ३७७व्या कलमानुसार अनेक धर्मप्रांत मिळून होणाऱ्या प्रांतातल्या बिशपांनी निदान तीन वर्षांतून एकदा योग्य धर्मगुरूंची यादी करायची असते, आणि नेमणुकीच्या वेळी पोपचे राजदूत शहाण्या प्रापंचिकांचंही मत विचारू शकतात. ते गुप्तपणे विचारलं जातं, त्यामुळे कोणाला विचारलं हे गावाला कळत नाही. २०२४ च्या सिनॉडने, म्हणजे रोममधल्या चर्चच्या महासभेने, तर बिशपनिवडीत लोकांचा आवाज वाढावा, अशी इच्छा स्पष्ट लिहून ठेवली आहे.

वसईकरांना बोलता येत नाही, असं कोण म्हणेल? वसईची हिरवाई वाचवण्याच्या ‘हरित वसई’ लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले आणि त्यांच्यामागे हजारो माणसं. तीच माणसं बिशपच्या प्रश्नावर मात्र जात आणि गाव यांत अडकतात, याचं मला वाईट वाटतं.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या, समितीने आपल्या भागाच्या पाच गरजा मराठीत लिहाव्यात, त्या बिशपांसमोर ठेवाव्यात आणि त्याची एक प्रत दिल्लीला पोपच्या राजदूतांकडे जावी. कोणाचंही नाव त्यात नको. पुढची निवड अजून लांब असेल, पण तीन वर्षांच्या याद्या मधल्या काळात होतच राहणार. परगावी, परदेशी असलेले आम्हीही त्यात भर घालू. आमची मुलं कोणत्या भाषेत प्रार्थना करतात, आणि गावी परतलो तर चर्चकडून आम्हाला काय हवं आहे, हे सांगायला आम्ही तयार आहोत.