मॅडम, फोन जुना झालाय

नवा फोन घ्यावा की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर आधी अभिनंदन. प्रश्न पडला म्हणजे उत्तर ठरलेलंच आहे. आता ते आपण फार विचारांती काढलं, असं घरच्यांना आणि मुख्य म्हणजे स्वतःला पटवायचं तेवढं उरलंय. त्या कामी उपयोगी पडावेत म्हणून हे अनुभवाचे चार बोल. अनुभव ताजा आहे, गेल्याच महिन्यातला. राग अजून उतरलेला नाही, पण तो आपण बाजूला ठेवू. इथे शांतपणे सल्ला द्यायचा आहे.

तर सगळ्यात महत्त्वाचं: जुन्या फोनला नक्की झालंय काय, हे चुकूनही शोधायला जाऊ नका. माझा फोन चार वर्षांचा. बॅटरी 31 टक्के दाखवत असताना अचानक डोळे मिटायचा. ओटीपी यायच्या वेळी तर हमखास. मागे रांग, समोर कंटाळलेला कॅशियर, आणि माझ्या हातात काळी पाटी. चार्जरला लावला की पुन्हा 31 टक्के, जणू मधे काही घडलंच नाही. आता एवढ्या लक्षणांवरून कुणीही सांगेल की दुखणं बॅटरीचं आहे. लिथियम-आयन बॅटरी वापरून वापरून थकते, तिचा आतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, आणि प्रोसेसरनं एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळतं. टक्के शिल्लक असतात, दम नसतो. पण असलं ज्ञान नव्या फोनच्या आड येतं. त्यापेक्षा सर्व्हिस सेंटरला जा. टोकन घ्या. पाऊण तास बसा. मग काउंटरवरचा मुलगा तुमच्या फोनला हातही न लावता, नुसतं मॉडेलचं नाव ऐकून निदान करील: "मॅडम, फोन जुना झालाय."

बॅटरी बदलून द्याल का? "या मॉडेलची येत नाही आता." मागवून? "मागवता येईल, पण कशाला? पुढे मदरबोर्ड जाईल." मदरबोर्डचा, म्हणजे फोनच्या मुख्य सर्किटचा, मी विषयही काढला नव्हता. पण माणसाला पुढचं दिसत असलं की आपण गप्प बसावं. त्यानंतर त्यानं जे माहितीपत्रक पुढे सरकवलं, ते आधीपासून त्याच्या हातातच होतं.

अशा वेळी जुन्या गोष्टी आठवू नयेत. उदाहरणार्थ, डिसेंबर 2017 मध्ये ॲपलनं कबूल केलं होतं की थकलेल्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअरमधून त्यांचा वेग कमी केला जातो. ओरड झाली, कंपनीनं बॅटरी बदलायचे दर उतरवले. आणि जानेवारी 2019 मध्ये विक्री अपेक्षेपेक्षा कमी भरणार असं गुंतवणूकदारांना कळवताना, तेव्हा कंपनीचे प्रमुख असलेले टिम कुक यांनी जी कारणं दिली, त्यात एक हेही होतं: बॅटरी स्वस्तात बदलून मिळतेय, त्याचा काही ग्राहक फायदा घेताहेत. फायदा घेताहेत! म्हणजे बॅटरी बदलली की माणूस नवा फोन घेत नाही, हे फोन बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक असायची गरज नाही.

असो. आता तुलना. ती तीन आठवडे तरी चालली पाहिजे. कमी वेळ लावलात तर घाईनं घेतला म्हणतील. तक्ता करा. पाच फोन, वीस रकाने. चौथ्या दिवशी पाचांचे अकरा फोन होतील, कारण प्रत्येक कंपनी एकच फोन साधा, प्रो, प्लस, निओ, लाइट आणि अल्ट्रा अशा सहा नावांनी विकते, आणि त्यातला एक तर मागच्या वर्षीचाच असतो, पाठीचा रंग बदललेला. तो कुठला हे ओळखणं हाच या खेळातला आनंद.

आकड्यांवर पूर्ण श्रद्धा ठेवा. 108 मेगापिक्सेल म्हटलं की 108. तो कॅमेरा एरवी नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून 12 मेगापिक्सेलचाच फोटो देतो, ही कुजबुज कानावर घेऊ नका. त्याच्या शेजारी 2 मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा असतो. त्याचा उपयोग एकच: "मागे तीन कॅमेरे आहेत" असं म्हणता यावं. 16 जीबी रॅम, म्हणजे चालू कामापुरती झटपट मेमरी, लिहिलंय? खालची चांदणी वाचू नका. तिथे बारीक अक्षरांत म्हटलेलं असतं की यातले 8 खरे आणि 8 स्टोरेजमधून उसने. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं, पण उसन्या पैशांवर श्रीमंत दिसण्यात गैर काय? पडद्याचा पीक ब्राइटनेसही तसाच. तो पडद्याच्या एका छोट्याशा तुकड्यावर थोडा वेळ मोजलेला आकडा असतो. तुम्ही भर उन्हात उभं राहून, हाताची ओंजळ करून त्यात फोन धराल तेव्हा त्या तुकड्याची आठवण काढा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, पण वाळा 120 हर्ट्झचा आहे, सेकंदाला 120 वेळा ताजा होणारा.

खोक्यावर एआय असं लिहिलेलं असेल तर पुढचं काही वाचायचं नाही.

खोक्यात चार्जर आहे का, असं विचारू नका, हावरट दिसाल.

हेडफोनचं भोक मागणं म्हणजे तर स्वतःहून वय सांगणं.

रिव्ह्यू मात्र भरपूर बघा. फोन तुम्ही चार वर्षं वापरणार, तो त्यांनी चार दिवस वापरलेला. "हातात धरल्यावर प्रीमियम वाटतो" हे वाक्य सगळीकडे सापडेल. कव्हर घातल्यावर कसा वाटतो हे कुणी सांगत नाही, आणि कव्हर न घालता फोन वापरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

जुना फोन एक्स्चेंजला द्या. वेबसाइटवर जो आकडा दिसतो त्याच्या आधी "पर्यंत" हा शब्द असतो. तो शब्द महत्त्वाचा. घरी येणारा माणूस तुमच्या फोनला अशा नजरेनं न्याहाळतो की आपण चोरीचा माल विकतोय असं वाटावं. कोपऱ्यावर ओरखडा, वजा. स्पीकरच्या जाळीत धूळ, वजा. मला शेवटी जो आकडा सांगितला तो ऐकून मी फोन परत ड्रॉवरमध्ये टाकला. त्या ड्रॉवरकडे आपण पुन्हा येऊ.

आणि आता तो मंगल दिवस. नवा फोन आला. खोकं उघडताना तो हवा सोडल्यासारखा मंद आवाज आला. दोन फोन शेजारी ठेवा, डेटा आपोआप जाईल, असं पडद्यावर लिहून आलं. गेला की! फोटो गेले, नंबर गेले, सात वर्षांपूर्वीचे गजरसुद्धा गेले. बँकेचं ॲप तेवढं म्हणालं, हे नवं उपकरण आहे, मी तुम्हाला ओळखत नाही. बरोबर आहे, सुरक्षा हवीच. सिम घाला, एसएमएस पाठवा, कार्डाचा नंबर टाका, पिन टाका. सिम घातलं, तर म्हणे नंबरची पडताळणी होऊ शकली नाही, 24 तासांनी प्रयत्न करा. दुसऱ्या बँकेचं ॲप ओटीपी मागत होतं, पण तो आणायचा कुठून? जुन्या फोनवरच्या ऑथेंटिकेटरला, म्हणजे असे कोड तयार करणाऱ्या ॲपला, विचारा म्हणे. जुना फोन? 31 टक्क्यांवर गेलेला. चॅटचा बॅकअप रात्री दोन वाजता 97 टक्क्यांवर अडकला तो सकाळपर्यंत तिथेच. कीबोर्डला माझे शब्द आठवेनात. "आईला सांग" लिहिलं तर "आयलाइनर" सुचवतोय. हेही एक वेळ सोसलं. चार दिवसांची कटकट, होते.

पण मग मी नोटिफिकेशनचा पडदा खाली ओढला आणि तिथे जाहिरात होती. माझ्या फोनवर. मी पूर्ण पैसे मोजलेल्या फोनवर. लॉक स्क्रीनवर एक अनोळखी बाई मला वजन कमी करायला सांगत होती. दहा-बारा ॲप्स मी न मागता आधीच येऊन बसलेली: दोन खरेदीची, एक कर्ज देणारं, तीन खेळ, आणि एक दुसरं ॲप स्टोअर, ज्याचं काम आणखी ॲप्स आणून बसवणं. काढायला गेले तर काहींना "अनइन्स्टॉल" नाहीच, नुसतं "डिसेबल". म्हणजे पाहुणा घराबाहेर जाणार नाही, फार तर आतल्या खोलीत झोपेल. फाइल बघायच्या ॲपला माझं लोकेशन हवं. थीम बदलायच्या ॲपला माझे कॉन्टॅक्ट हवेत. थीमला! तुला माझ्या मावशीचा नंबर कशाला रे लागतो वॉलपेपर बदलायला? नाही म्हटलं तर ॲप बंद. ब्राउझर दर तासाला कुठल्यातरी नट-नटीच्या घटस्फोटाची बातमी टिंग करून पाठवणार. सेटिंग्जमध्ये "शिफारशी" नावाचं एक बटण असतं, ते बंद केलं की जाहिराती थांबतात, असं कळलं. पण ते एका ठिकाणी नाही! फाइल्समध्ये वेगळं, थीममध्ये वेगळं, ब्राउझरमध्ये वेगळं, लॉक स्क्रीनचं आणखी चौथ्याच मेनूत. रविवारची सबंध दुपार मी बटणं शोधून शोधून बंद केली. तीन आठवड्यांनी अपडेट आला आणि त्यातली निम्मी परत चालू. ही चूक असते? अशी चूक नेहमी एकाच बाजूला कशी होते? एखाद्या अपडेटनं चुकून जाहिराती बंद झाल्या, असं कुणाच्या बाबतीत घडलंय का आजवर?

आणि त्या वीस रकान्यांच्या तक्त्यात यासाठी एकही रकाना नव्हता. माझ्याच तक्त्यात. मी मेगापिक्सेल मोजत बसले होते.

आता ड्रॉवर. तो फोन मी एका छोट्या दुरुस्तीवाल्याकडे नेला, सहज, हौस म्हणून. त्यानं आधी फोन हातात घेतला. उलटा केला, पाठ जराशी फुगलीय हे अंगठा फिरवून ओळखलं आणि म्हणाला, बॅटरी गेलीय. पाठ गरम करून गोंद सैल केला, पत्ती घालून उघडली, जुनी बॅटरी काढली, नवी बसवली. मी समोर उभी होते, तासही लागला नाही. नव्या फोनच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यातही ते काम उरकलं. फोन चालतोय. दिवसभर चालतोय. ओटीपी येतो तेव्हा जागा असतो. मदरबोर्ड ठणठणीत आहे, चौकशीबद्दल आभार.

हसत लिहायचं ठरवलं होतं, पण राहू दे.

अहो, तुम्हाला फोन हळू वाटतो ना? स्टोरेज बघितलंत का? 128 पैकी 126 भरलंय. त्यात निम्मे फॉरवर्ड होऊन आलेले व्हिडिओ आहेत, जे तुम्ही पहिल्यांदाही पाहिले नव्हते. स्टोरेज गळ्यापर्यंत भरलं की कुठलाही फोन रांगतो, नवाही रांगेल. बॅटरीची मूळ क्षमता किती उरलीय ते बऱ्याच फोनमध्ये सेटिंग्जमध्येच दिसतं. 80 टक्क्यांच्या खाली गेली असेल तर बॅटरी बदला, फोन नको. पाठ फुगली असेल तर आजच बदला. फुगलेली बॅटरी खिशात घेऊन हिंडू नका. नवा फोन घ्यायची खरी कारणं तीन-चारच आहेत: सिक्युरिटी अपडेट थांबले, बँकेचं ॲप चालेना, पडदा गेला आणि तो बदलणं परवडेना, किंवा तुमच्या कामाला तो खरंच पुरेना. त्यातलं एक असेल तर खुशाल घ्या, कुणाला स्पष्टीकरण देऊ नका. शेजाऱ्यानं घेतला हे कारण नाही. पाठीचा नवा रंग हे तर नाहीच नाही.

आणि घेताना मेगापिक्सेल विचारू नका हो. अपडेट किती वर्षं, कुठल्या तारखेपासून मोजून, ते विचारा. गूगलनं 2023 मध्ये पिक्सेल 8 या आपल्या फोनला 7 वर्षं दिली, सॅमसंगनं 2024 मध्ये गॅलेक्सी ए16 सारख्या साध्या फोनलाही 6 वर्षं दिली. म्हणजे देता येतात. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नियमच आहे: 800 वेळा पूर्ण चार्ज केल्यावरही बॅटरीत 80 टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावर 7 वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. तेच कारखाने, तेच फोन. तिथे बॅटरी येते आणि आपण विचारलं की "या मॉडेलची येत नाही"? येत नाही कारण आपण विचारतच नाही. आपण तक्ते करतो. 2022 या एका वर्षात जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला तो त्यातला 22.3 टक्के. बाकीच्यातले काही नग आपल्याच ड्रॉवरमध्ये आहेत, चार्जरच्या वायरींच्या गुंत्याखाली. जा, उघडून बघा.

आणि काउंटरवरच्या मुला, तुला टार्गेट वरून येतं हे मला कळतं. पण फोन जुना झाला नव्हता. बॅटरी गेली होती. आधी हातात तर घ्यायचास रे तो.